दरीतील दगडफूल आणि धरणाची भिंत



गोडा मसाला घरी करण्याची चाल आता पुष्कळ घरांतून उठत चालली आहे. तथापि ज्या घरी ती टिकून आहे, तेथील भगिनींना आजच्या व्याख्यानाची वस्तू दाखवून देण्याची गरज नाही. धने, जिरे, तीळ, सुके खोबरे, नागकेशर, तमालपत्र ह्यांच्या रांगेत करड्या-काळपट रंगाचा, जळक्या कागदाच्या कपट्यांसारखा दिसणारा एक हलकाफुलका जिन्नस असतो. कोरडा हुंगला तर त्याला फारसा वास येत नाही. तेलावर परतला म्हणजे मात्र स्वयंपाकघरभर दरवळतो. त्याला आपण दगडफूल म्हणतो. हे नाव दोन्ही अंगांनी फसवे आहे. ते फूल तर नव्हेच, आणि बाजारात येणारे बहुतेक दगडफूल दगडावरचेही नसते. ते हिमालयाच्या उतारावरील बांज वगैरे झाडांच्या सालीवरून खरवडून काढलेले असते. तरीही नाव गोड आहे, म्हणून आज मी शास्त्रीय परिभाषेतील 'शैवाक' ह्या शब्दाबरोबर तेही वापरणार आहे.

विषय असा की, एखाद्या नदीच्या दरीत धरण बांधावयास घेतले म्हणजे त्या दरीतील दगडफुलांचे काय होते, आणि काय झाले हे कळावे म्हणून त्यांची मोजदाद कशी ठेवावयाची. धरण म्हटले की बुडणारी गावे, भिजणारी शेते आणि मिळणारी वीज ह्यांचा विचार येतो, आणि तो आधी यावा हेच योग्य. बुरशीच्या पापुद्र्यांचा हिशेब तेथे कशाला, असे कोणी विचारले तर त्याचा राग मानण्याचे कारण नाही. परंतु हा हिशेब माणसांच्या हिशेबाला कसा उपयोगी पडतो हे पुढे दिसेल.

प्रथम शैवाक म्हणजे काय ते पाहू. वनस्पतिशास्त्रज्ञ पुष्कळ काळ त्याला एक स्वतंत्र वनस्पती समजत होते. १८६७ च्या सुमारास सिमोन श्वेंडेनर ह्या स्विस शास्त्रज्ञाने सांगितले की ही एक वनस्पती नसून दोन जीवांचे बिऱ्हाड आहे: एक कवक, म्हणजे बुरशीच्या जातीचे, आणि दुसरे शैवल, म्हणजे शेवाळाच्या जातीचे. कवक भिंती उभारते, ओल धरून ठेवते, दगडाला वा सालीला घट्ट चिकटते; शैवल उन्हाच्या बळावर साखर तयार करते आणि दोघांचे पोट भरते. श्वेंडेनरने कवकाला धनी आणि शैवलाला गुलाम म्हटले होते. ही उपमा त्या काळच्या अनेक पंडितांना मानवली नाही. त्यांच्यापैकी काही तर मरेपर्यंत ह्या मताच्या विरोधात राहिले. आज त्या घरात आणखी भाडेकरू निघाले आहेत. २०१६ मध्ये टोबी स्प्रिबिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक शैवाकांच्या वरच्या थरात यीस्टसारखे दुसरेच एक कवक दडलेले असल्याचे दाखविले. म्हणजे सुमारे दीडशे वर्षे सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलेल्या वस्तूत घरातली सगळी माणसे मोजली गेली नव्हती.

जगात शैवाकांच्या सुमारे वीस हजार जाती मानतात. भारतात अडीच हजारांवर नोंदल्या गेल्या आहेत. रूपावरून त्यांचे तीन ढोबळ वर्ग करतात. काही साल किंवा दगड ह्यांना रंगाच्या डागाप्रमाणे चिकटून बसतात, नखाने निघत नाहीत. काही पानासारखे पसरतात, मसाल्यातले दगडफूल ह्या वर्गातले. काही झुडपासारखे उभे राहतात किंवा दाढीसारखे लोंबतात. महाबळेश्वराच्या धुक्यात फांद्यांवरून लोंबणारा उस्निया त्यांपैकी. पहिल्या वर्गातील ग्राफिस ह्या शैवाकाकडे मुद्दाम पाहण्यासारखे आहे. गुळगुळीत सालीच्या झाडावर पांढुरक्या पार्श्वभूमीवर काळ्या वळणदार रेघा उमटलेल्या दिसतात. ग्रीक भाषेतील 'लिहिणे' ह्या अर्थाच्या शब्दावरून त्याचे नाव पडले आहे. आपल्याकडे तो पाहणाऱ्याला मोडीतला एखादा जुना कागद आठवल्यावाचून राहत नाही.

आता महत्त्वाची गोष्ट. शैवाकाला मुळे नाहीत आणि पानावर असते तसे मेणाचे कवचही नाही. जे काही प्यावयाचे ते पावसातून, दवातून, धुक्यातून आणि हवेतून, आणि तेही सर्वांगाने. झाडाला वाईट पाणी नको असेल तर मुळे काही प्रमाणात निवड करू शकतात, पाने रंध्रे मिटू शकतात. शैवाकाजवळ असे दार नाही. हवेतला धूर, धूळ, गंधक, शिसे, सगळे त्याच्या अंगात जाते आणि तेथेच साठते. शिवाय त्याची वाढ अत्यंत सावकाश. दगडाला चिकटलेले शैवाक वर्षाला मिलिमीटरभर किंवा त्याहून कमी वाढते. पानासारखे वर्षाला काही मिलिमीटर. तळहाताएवढे दगडफूल म्हणजे काही दशकांची नोंद असू शकते.

ह्या नोंदीचा उपयोग करता येईल हे प्रथम लक्षात आले ते पॅरिसमध्ये. फिनलंडचा नीलांडर हा शास्त्रज्ञ तेथे राहत असे. १८६६ मध्ये त्याने लिहिले की शहरातून नाहीशी झालेली पुष्कळ शैवाके लक्झेंबर्ग बागेत मात्र अजून आढळतात, म्हणजे तेथील हवा अधिक निरोगी असली पाहिजे. गंमत अशी की श्वेंडेनरचे मत कधीही न मानणाऱ्यांत हाच नीलांडर होता. शैवाक म्हणजे काय ह्याबद्दल तो चुकला, आणि शैवाक काय सांगते ह्याबद्दल मात्र त्याचे म्हणणे अगदी खरे ठरले. पुढे १९७० मध्ये हॉक्सवर्थ आणि रोझ ह्या दोघा इंग्रज शास्त्रज्ञांनी झाडावरची शैवाके पाहून हवेतील गंधकाचे प्रमाण अजमावण्याची दहा पायऱ्यांची मोजपट्टी इंग्लंड-वेल्ससाठी तयार केली. कोळशाचा धूर कमी झाल्यावर लंडनमध्ये काही शैवाके परतही आली.

कारखान्याचा धूर ही एक गोष्ट झाली. धरणाला धुराडे नसते, मग तेथे शैवाकांना काय बाधते? आपल्या सर्वांच्या ओळखीच्या कोयनेच्या दरीचे उदाहरण घेऊ. कोयना महाबळेश्वराजवळ उगम पावते, सह्याद्रीच्या रांगेला समांतर अशी दक्षिणेकडे वाहते, हेळवाकाजवळ एकदम पूर्वेकडे वळते आणि कऱ्हाडला कृष्णेस मिळते. ह्या वळणाच्या आसपास, पावसाच्या अगदी तोंडाशी, १९५४ मध्ये धरणाच्या कामास आरंभ झाला. १९६२ मध्ये पहिल्या टप्प्याची वीज निघू लागली. सुमारे १०३ मीटर उंच आणि आठशे मीटरांवर लांब अशी ही भिंत. तिच्यामागे शिवसागर जलाशय तापोळ्यापर्यंत पसरला आहे. पाणी मात्र नदीच्या स्वाभाविक वाटेने पूर्वेला न जाता बोगद्यांतून सह्याद्रीखालून पोफळीकडे उतरते आणि वीज देऊन वाशिष्ठीत जाते.

शैवाकांच्या दृष्टीने ह्या एका कामात पाच-सहा निरनिराळ्या घटना घडतात, आणि त्या एकाच वेळी घडत नाहीत.

बुडणे ही त्यांतली सर्वांत उघड. जमिनीवरचे शैवाक काही काळ पाण्याखाली तग धरते, पण महिनोन् महिने बुडून राहिले तर मरते. धरणाचे पाणी उन्हाळ्यात खाली उतरले की काठाच्या खडकांवर जो उघडा-बोडका पट्टा दिसतो, आणि त्याच्या वर जेथून एकदम करडे-पांढरे डाग सुरू होतात, ती रेघ म्हणजे शैवाकांनी आखलेली पूररेषाच होय. निसर्गातल्या ओढ्यांवरही अशी रेघ असते. मेसन हेल ह्या अमेरिकन शैवाकतज्ज्ञाने १९८४ मध्ये फ्लॉरिडातील एका ओढ्याच्या काठची शैवाकरेषा आणि पाण्याची उच्च पातळी ह्यांचा संबंध तपासला होता. जेथे पाण्याच्या नोंदवह्या नाहीत तेथे अशी रेषा उपयोगी पडते.

पाणी अडण्याच्या कितीतरी आधी येते ती धूळ. सुरुंग, खडी फोडण्याची यंत्रे, सिमेंट, मालमोटारींचे कच्चे रस्ते. झाडाची साल स्वभावतः आंबट असते, आणि सह्याद्रीच्या दाट रानातली पुष्कळ शैवाके त्या आंबटपणाला सरावलेली असतात. सिमेंटची धूळ अल्कधर्मी. ती सालीवर बसत राहिली की सालीचा गुण पालटतो. जुन्या जाती मागे हटतात आणि धूळ, खत, वर्दळ सोसणाऱ्या जाती त्यांच्या जागी येतात. पिक्सिने कोकोस हे ह्यांपैकी एक. ते आपल्या शहरांतील रस्त्याकडेच्या झाडांवरही सहज सापडते आणि म्हणूनच शहरी हवेच्या अभ्यासात भारतीय शास्त्रज्ञांनी त्याचा पुष्कळ उपयोग केला आहे. आतल्या रानातील झाडावर ते दिसू लागले, तर शहराचा एक माणूस तेथे येऊन राहिला असे समजावे.

त्यानंतर रान तुटते, आणि तुटलेल्या रानाला नवी कड येते. पूर्वी आत सावलीत असलेले झाड एकाएकी उन्हावाऱ्याच्या तोंडी उभे राहते. झाड मरत नाही, परंतु त्याच्या सालीवरची ओल दुपारपर्यंत टिकत असे ती आता नऊ वाजताच उडून जाते. मजुरांच्या वसाहतीतील चुली, पुढे येणारे पर्यटक आणि त्यांच्या मोटारी ह्यांची भर वेगळी.

येथे एक आक्षेप नेहमी येतो आणि तो विचार करण्याजोगा आहे. लोक म्हणतात, एवढा मोठा तलाव झाल्यावर दरीची हवा ओलसर होणार, मग दगडफूल वाढेल की घटेल? वरवर पाहता वाढावे. पण आपल्याकडचा जलाशय भरतो श्रावण-भाद्रपदात, तेव्हा हवेत ओल इतकी असते की तलावाने तीत काय भर घालावी! ओल हवी असते चैत्र-वैशाखात, आणि नेमके तेव्हाच पाणी खाली उतरलेले असते व काठाला भेगाळलेल्या मातीचा पट्टा पडलेला असतो. दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. ओटो लांगे आणि सहकारी ह्या जर्मन शास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये दाखविले की ज्या शैवाकात हिरवे शैवल असते ते नुसत्या दमट हवेवरही अन्न तयार करण्याचे काम सुरू करू शकते, परंतु ज्यात नीलहरित जातीचा सोबती असतो त्याला प्रत्यक्ष पाण्याचा थेंब लागतो. बाष्पाने त्याचे भागत नाही. लेप्टोजियम, कोलेमा वगैरे काळसर, ओली झाली की जेलीसारखी फुगणारी शैवाके ह्या दुसऱ्या प्रकारची. म्हणजे एकाच दरीत, एकाच हवेत, एकाला दिलासा आणि दुसऱ्याला उपासमार असे होऊ शकते. 'ओल वाढली' एवढ्या एका वाक्यात हा भेद मावत नाही.

थेंबांचा प्रश्न सर्वांत बिकट होतो तो धबधब्यापाशी. आपल्यापैकी वडीलधाऱ्या मंडळींनी गिरसप्प्याचा धबधबा पूर्वी पाहिला असेल. २५३ मीटरांवरून कोसळणाऱ्या शरावतीचे तुषार समोरच्या कड्याला रात्रंदिवस भिजवीत असत. १९६४ मध्ये लिंगनमक्की धरण पुरे झाले आणि आता ते वैभव पावसाळ्यापुरते उरले आहे. आपल्या प्रवरेवरील रंधा धबधब्याचेही तेच; त्याच्या वरच्या अंगाला भंडारदऱ्याचे धरण १९२६ पासून उभे आहे आणि धबधब्याचे पाणी त्या धरणाच्या मर्जीवर आले आहे. प्रवाशाला वाईट वाटते ते देखावा गेला म्हणून. पण तुषारांनी भिजणाऱ्या कड्यावर जो जीव राहतो त्याचे तर घरच जाते. नॉर्वेमध्ये जलविद्युतीचा विस्तार फार मोठा, त्यामुळे तेथील शास्त्रज्ञांना ह्याचा विचार लवकर करावा लागला. पश्चिम नॉर्वेतील ऑरलंड येथे नदीचे पाणी वळविल्यानंतर एका धबधब्याच्या तुषारपट्ट्यातील वनस्पती कशा पालटल्या ह्याचा अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. तो करणाऱ्यांत एक शैवाकतज्ज्ञही होता.

टांझानियातील किहान्सीची हकीकत शैवाकाची नाही, बेडकाच्या जातीच्या एका इवल्याशा भेकाची आहे, पण ती येथे सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. किहान्सी नदीच्या घळीत धबधब्याच्या तुषारांवर जगणारे हे भेक १९९६ मध्ये शास्त्रज्ञांना प्रथम सापडले. त्या वेळी धरणाचे काम चालूच होते. २००० साली पाणी बोगद्यात वळले आणि घळीतले तुषार जवळजवळ थांबले. मग घाईघाईने नळ टाकून कृत्रिम फवारे बसविले. तरीही २००९ मध्ये हा जीव निसर्गातून नाहीसा झाल्याचे जाहीर करावे लागले. अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांत नेऊन ठेवलेल्या थोड्या जोड्यांमुळे वंश टिकला आणि २०१२ पासून ते पुन्हा घळीत सोडण्याचे प्रयत्न सुरू झाले. भेक सापडले म्हणून निदान हळहळ तरी झाली. त्याच ओल्या खडकावर आणखी कोण राहत होते ह्याची यादी पाणी वळविण्यापूर्वी करता आली असती, ह्याकडे मला आपले लक्ष वेधावयाचे आहे.

धरणाखालच्या नदीबद्दल थोडेच सांगतो. नदीतल्या दगडांवर पाण्याच्या पातळीप्रमाणे शैवाकांचे थर असतात. सदैव ओल्या पट्ट्यात व्हेरुकेरियासारखी, काळ्या-हिरव्या तैलरंगाचे फराटे ओढल्यासारखी. त्यावर अधूनमधून भिजणारी. आणि सर्वांत वर नुसत्या पावसावर जगणारी. पूर आणि ओसर ह्यांच्या जुन्या ठेक्यावर हे थर बसलेले असतात. धरणानंतर तो ठेका बिघडतो. कोयनेच्या बाबतीत तर एका नदीचे पाणी गेले आणि वाशिष्ठीला ते बारमाही मिळाले; म्हणजे दोन नद्यांतील दगडांची घडी एकदम पालटावयाची.

आता मोजण्याकडे वळू. दरीत हिंडून दिसतील त्या जातींची यादी करणे म्हणजे मोजणे नव्हे. असल्या याद्या प्रकल्पांच्या जाडजूड अहवालांत पुष्कळदा शेवटच्या परिशिष्टात असतात. तीन दिवस हिंडणाऱ्याची यादी लहान होते आणि तीस दिवस हिंडणाऱ्याची मोठी. त्यांच्यावरून दरी सुधारली की बिघडली हे ठरविता येत नाही. युरोपातील शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये ह्यासाठी एक साधी रीत मांडली आणि २०१४ मध्ये तिला मानक म्हणून मान्यता मिळाली. पन्नास सेंटिमीटर उंच आणि दहा सेंटिमीटर रुंद अशी, पाच चौकोनांची एक शिडी घ्यावयाची. ती झाडाच्या बुंध्यावर, जमिनीपासून एक मीटरवर, उत्तर, पूर्व, दक्षिण आणि पश्चिम अशा चारी बाजूंना लावावयाची. एकूण चौकोन वीस. प्रत्येक जात ह्या विसांपैकी किती चौकोनांत दिसते ते लिहावयाचे आणि सर्व जातींच्या आकड्यांची बेरीज करावयाची. लाकडी चौकट आणि सुतळी असली तरी काम भागते.

एक कल्पित उदाहरण करून पाहू. समजा, धरणाच्या कामापूर्वी एका जांभळीवर पार्मोट्रेमा सात चौकोनांत, ग्राफिस बारा चौकोनांत आणि लेप्टोजियम तीन चौकोनांत दिसले. बेरीज बावीस, जाती तीन. पाच वर्षांनी त्याच झाडावर पार्मोट्रेमा चार, ग्राफिस नऊ, लेप्टोजियम शून्य आणि नवीन आलेले पिक्सिने अकरा चौकोनांत. बेरीज चोवीस, जाती पुन्हा तीनच. नुसता आकडा पाहणारा म्हणेल, दरीची स्थिती दोन गुणांनी सुधारली! वस्तुतः थेंबांवर जगणारा गेला आणि धुळीवर जगणारा आला. म्हणून बेरजेबरोबर नावे ठेवलीच पाहिजेत, आणि कोणते नाव काय सांगते हे जाणणारा माणूस पाहिजे. विविधतेचा एकच आकडा मागणाऱ्या अधिकाऱ्यांना हे गैरसोयीचे वाटते, पण त्याला इलाज नाही.

दुसरी अट अशी की ज्या दरीत धरण होत नाही अशी शेजारची एक दरी जोडीला घ्यावी. तेवढीच उंची, तेवढाच पाऊस, त्याच जातींची झाडे. समजा, धरणाच्या दरीत सरासरी बेरीज बावीसवरून सोळावर आली. सहा गुण गेले म्हणून आपण धरणाला दोष देणार, तोच शेजारच्या दरीतही एकवीसवरून सोळावर आल्याचे कळते. म्हणजे पाच गुणांची घट पाऊस कमी झाल्याने वा दुसऱ्या कोणत्या तरी समान कारणाने झाली असावी, आणि धरणाच्या खात्यावर एकच गुण टाकता येतो. हे उलटही घडू शकते. जोडदरीवाचून केलेली मोजणी कोणत्याही बाजूच्या वकिलाला हवी तशी वळविता येते.

झाडे निवडताना एकाच जातीची, सरळ बुंध्याची, खरचटलेली नसलेली घ्यावी. आंब्याच्या खडबडीत सालीची तुलना गुळगुळीत सालीशी करून चालणार नाही. सह्याद्रीत जांभूळ, अंजनी, हिरडा ही सोयीची. पाण्याच्या नियोजित पातळीच्या अगदी वर काही, मग उतारावर चढत चढत काही, आणि रस्त्यापासून निरनिराळ्या अंतरांवर काही, अशी ती विखुरलेली असावीत. हंगाम पावसाळ्यानंतरचा धरावा. आषाढात शेवाळे सर्व झाकून टाकते आणि कागदही भिजतो.

नाव ठरविणे हे मात्र नवख्याचे काम नव्हे. पुष्कळ शैवाके डोळ्यांना सारखी दिसतात आणि रसायनाने ओळखावी लागतात. पार्मोट्रेमा टिंक्टोरम ह्या दगडफुलाचा वरचा पापुद्रा खरवडून आतल्या पांढऱ्या गाभ्यावर ब्लीचिंग पावडरीच्या निवळीचा थेंब टाकला की तो तत्काळ लाल होतो. ही थेंब-परीक्षाही नीलांडरनेच १८६६ मध्ये सुचविली. आपल्याकडे ह्या विद्येची परंपरा आहे. लखनौचे धरणीधर अवस्थी (१९२२–२०११) ह्यांनी भारतीय शैवाकशास्त्राचा पाया घातला. पुण्यात १९४६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत, म्हणजे १९९२ पासूनच्या आघारकर संशोधन संस्थेत, पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम घाटातील शैवाकांवर, विशेषतः त्या मोडीसारख्या ग्राफिसच्या कुळावर, अनेक वर्षे काम केले. तेथील संग्रहात कागदी पाकिटांतून ठेवलेले नमुने आहेत. प्रत्येक पाकिटावर गाव, झाड आणि तारीख. गावाच्या इतिहासाला जशी जुनी दप्तरे तशी ही पाकिटे. एखाद्या दरीचे जुने पाकीट निघाले तर धरणापूर्वीची एक खात्रीची साक्ष हाती येते.

प्रारंभी ज्या प्रश्नाचे उत्तर पुढे ठेवले होते त्याकडे येतो. कोयनेच्या विस्थापितांचे प्रश्न साठ वर्षांनंतरही पूर्ण सुटलेले नाहीत हे आपण वर्तमानपत्रांतून वाचतो. त्यांच्यापुढे दगडफूल मोठे आहे असे म्हणण्याचा माझा मुळीच हेतू नाही. परंतु कामाच्या ठिकाणची धूळ माझ्या आंब्याच्या मोहोरावर बसते असे एखादा शेतकरी म्हणतो आणि ठेकेदार ते नाकारतो, तेव्हा दोघांमध्ये साक्षीदार कोण? हवा मोजणारी यंत्रे महाग, त्यांना वीज लागते, आणि ती बहुधा तक्रारीनंतर येतात. आंब्याच्या बुंध्यावरची शैवाके तेथे आधीपासून असतात, आणि त्यांच्या अंगात साठलेल्या धातूंचे पृथक्करणही करता येते. शिवाय निखारासारखे लहान पक्षी घरट्याला बाहेरून कोळ्याच्या जाळ्याने शैवाकांचे तुकडे चिकटवितात, तेव्हा ह्या पापुद्र्यांवर अवलंबून असणारे केवळ आपण मसालेवाले नाही.

हा विचार आताच करण्याचे कारण आहे. २०२३ आणि २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने उदंचन जलविद्युत प्रकल्पांचे अनेक करार केले. ह्या पद्धतीत डोंगराच्या वर एक आणि खाली एक असे दोन जलाशय असतात. विजेची मागणी कमी असते तेव्हा पाणी वर चढवावयाचे आणि मागणी वाढली की खाली सोडून वीज काढावयाची. सौर आणि वाऱ्याच्या विजेला जोड म्हणून त्यांची गरज आहे हे मलाही मान्य आहे. ह्यांतील पुष्कळ जागा सह्याद्रीच्या कड्यांवर आणि त्यांच्या पायथ्याशी आहेत, आणि त्यांचे पाणी दिवसातून वर-खाली होणार. वर्षातून एकदा भरणाऱ्या जलाशयाची शैवाकरेषा आपण वर पाहिली. रोज हलणाऱ्या पाण्याच्या काठी ती कोठे स्थिरावेल, हे पहिला सुरुंग लागण्यापूर्वी शिडी लावून ठेवली तरच समजेल.

मोजण्या किती वर्षे चालवावयाच्या, असे विचारतात. एक कामापूर्वी, एक कामाच्या ऐन भरात, आणि मग पाणी अडल्यावर पहिल्या, दुसऱ्या, पाचव्या, दहाव्या आणि विसाव्या वर्षी. पाच वर्षांवर थांबणे घातक आहे, कारण शैवाक मरावयासही वेळ घेते. परिस्थिती बिघडली तरी जुने पापुद्रे काही वर्षे दिसत राहतात, फक्त नवीन धरत नाहीत. म्हणून मोठ्या पापुद्र्यांबरोबर नव्याने रुजलेली, मोहरीएवढी बाळशैवाके किती आहेत हेही भिंगाने मोजावे. जवळच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांची तुकडी हे काम करू शकते, नावे पुण्याच्या किंवा लखनौच्या तज्ज्ञांकडून पडताळून घ्यावी. विसाव्या वर्षी मोजणारे हात दुसरे असतील, तेव्हा प्रत्येक झाडाची जागा नकाशावर नोंदवावी, शिडीच्या चारी कोपऱ्यांचे छायाचित्र मोजपट्टीसह घ्यावे, आणि खूण म्हणून झाडाला बारीक खिळा मारून क्रमांकाचा बिल्ला लावावा. खिळा ॲल्युमिनियमचा किंवा न गंजणाऱ्या पोलादाचा असावा. तांब्याचा नसावा, कारण तांब्यावरून ओघळणारे पावसाचे पाणी शैवाकांना विषासारखे आहे, आणि जे मोजावयाचे तेच खिळ्याखालून नाहीसे होईल.